कर्नलला वळसा

मगरपट्टा सायबरसिटीतल्या एका टॉवरमधून रेड हॅट या लिनक्स कंपनीचे पुण्यातले काम अनेक वर्षे चालत आले. हडपसरची औद्योगिक वसाहत तिथून फार लांब नाही. टॉवरमध्ये बँकांच्या आणि टेलिफोन कंपन्यांच्या सर्व्हरांची दुखणी येतात. वसाहतीत सीएनसी यंत्रे आहेत, वजनकाटे आहेत, आणि नऊ पिनांच्या सिरियल केबलने त्यांना जोडलेले जुने पीसी आहेत. दोन्हीकडची माणसे एकमेकांना क्वचितच भेटत असतील, पण एका प्रश्नाशी दोघांचीही गाठ पडते: यंत्राकडून आलेला डेटा जसाच्या तसा, कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, हात न लावता, आपल्या प्रोग्रॅमपर्यंत पोचवता येईल का? आणि आपण लिहिलेला डेटा तसाच, मध्ये कुठे न रेंगाळता, यंत्रावर उतरवता येईल का?

या मागणीला जाणकार ‘रॉ आयओ’ म्हणतात. गेल्या पन्नास वर्षांत ती निरनिराळ्या वेशांत पुढे आली. कर्नल लिहिणाऱ्यांनी कधी ती मान्य केली, कधी टाळली, तर कधी मान्य करून पुढे वीस वर्षे पस्तावले. हा सगळा इतिहास पाहिल्यावर माझे एक मत झाले आहे. कर्नलला वळसा घालता येतो, पण कर्नल जे काम करत होता ते त्यामुळे नाहीसे होत नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात पडते. ते कुणाच्या गळ्यात पडले हे शोधले की या विषयातली बरीचशी भांडणे समजतात.

आधी सरळ वाट पाहू. साध्या प्रोग्रॅमला डिस्कला हात लावता येत नाही. प्रोसेसरच तशी परवानगी देत नाही. यंत्राशी थेट बोलण्याच्या सूचना कर्नलसाठी राखून ठेवलेल्या असतात. प्रोग्रॅम ‘रीड’ म्हणतो, ताबा कर्नलकडे जातो. ही फाइल कोणत्या फाइल-प्रणालीवर आहे हे कर्नल पाहतो आणि मग सर्वांत आधी स्वतःच्या मेमरीत डोकावतो. फाइलचा तो तुकडा तिथे आधीच असेल, तर डिस्कपर्यंत जायचे कारणच उरत नाही. या साठ्याला पेज कॅश म्हणतात. साठा पानापानांनी होतो. नेहमीच्या पीसीवर एक पान ४०९६ बाइटचे. तुकडा नसेल तर विनंती ब्लॉक थरात जाते, शेजारच्या विनंत्यांशी जोडली जाते, आणि ड्रायव्हर ती डिस्कच्या नियंत्रकाला सांगतो. नियंत्रक डीएमए वापरून डेटा परस्पर मेमरीत टाकतो आणि काम झाले की इंटरप्ट देऊन प्रोसेसरला कळवतो. तोवर विनंती करणारा प्रोग्रॅम झोपवलेला असतो आणि प्रोसेसर दुसऱ्याचे काम करत असतो.

एवढा खटाटोप का, ते आकड्यांवरून कळते. मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणाऱ्या डिस्कची एक फेरी ८.३३ मिलिसेकंदांची. हवा तो सेक्टर सुईखाली यायला सरासरी अर्धी फेरी लागते, म्हणजे चार मिलिसेकंदांहून थोडे जास्त. सुई सरकण्याचा वेळ वेगळा. मेमरीतून तेच उचलायला साधारण १०० नॅनोसेकंद. फरक चाळीस हजार पटींचा. अशा जगात साठा न ठेवणे हा वेडेपणा ठरला असता. लिहितानाही तेच. ‘राइट’ झाले असे कर्नल सांगतो तेव्हा डेटा बहुधा फक्त मेमरीतल्या पानावर आलेला असतो. लिनक्समध्ये असे मळके पान मूळ मांडणीनुसार साधारण ३० सेकंदांनी जुने धरले जाते आणि मग डिस्कवर उतरवले जाते. त्या ३० सेकंदांत वीज गेली तर काय, हा प्रश्न पुण्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये घडवलेल्या युनिक्सलाही ही अडचण माहीत होती. म्हणून युनिक्समध्ये एकाच डिस्कला दोन तोंडे दिली गेली. एक ब्लॉक तोंड: त्यातून गेले की कर्नलचा साठा मध्ये येणार. दुसरे कॅरॅक्टर तोंड, म्हणजे ‘रॉ’: त्यातून गेले की प्रोग्रॅमची मेमरी आणि डिस्क यांच्यात थेट देवाणघेवाण, पण सेक्टरच्या पटीतच मागायचे. रॉ तोंडाच्या नावाला पुढे ‘आर’ लागे. बॅकअप घेणारे आणि फाइल-प्रणाली तपासणारे प्रोग्रॅम याच दाराने जात. ही प्रथा आजही मेलेली नाही. मॅकवर पेनड्राइव्हवर प्रतिमा उतरवताना ‘डिस्क२’ ऐवजी ‘आरडिस्क२’ लिहिले की काम कितीतरी लवकर संपते. त्याचे मूळ इतके जुने आहे. फ्रीबीएसडीने उलटी वाट धरली. साठा असलेले ब्लॉक तोंडच काढून टाकले आणि कच्चे तेवढे ठेवले. साठा हवा तर तो फाइल-प्रणालीने ठेवावा, असा त्यांचा हिशेब. लिनक्सने सुरुवातीला याच्या बरोबर विरुद्ध केले होते: साठ्याचे तोंड तेवढे ठेवले, रॉ तोंड दिलेच नाही.

भांडण पेटले ते डेटाबेसवाल्यांमुळे. ऑरॅकल, सायबेस, इन्फॉर्मिक्स यांच्याकडे स्वतःचा साठा असतो आणि तो कर्नलच्या साठ्यापेक्षा शहाणा असतो, कारण पुढच्या क्षणी कोणते पान लागणार याचा अंदाज त्यांना जास्त असतो. पेज कॅशमधून गेले की एकच पान दोनदा साठवले जाते: एकदा कर्नलकडे, एकदा डेटाबेसकडे. मेमरी वाया जाते, एकीकडून दुसरीकडे नकला करण्यात प्रोसेसरही वाया जातो. त्याहून मोठी अडचण क्रमाची आहे. व्यवहाराची नोंद आधी डिस्कवर उतरली पाहिजे, मग मूळ पान. हा क्रम चुकला तर वीज गेल्यावर खाते जुळत नाही. ‘मी लिहीन तेव्हाच आणि मी लिहीन त्याच क्रमाने’ असे म्हणणारा प्रोग्रॅम कर्नलच्या सोयीने होणाऱ्या लिखाणावर समाधान मानत नाही. म्हणून डेटाबेससाठी डिस्कचा आख्खा विभाग कच्चा ठेवायची रीत पडली. त्यावर फाइल-प्रणाली नाही, फाइलींची यादी नाही. डेटाबेस आणि सेक्टर, बस्स.

मगरपट्ट्याची गोष्ट इथे आठवते. सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे ४०० एकर जमीन बिल्डरला न विकता एकत्र केली आणि स्वतःच कंपनी काढून नगर वसवले. बिल्डर वगळता आला, पण नकाशे, परवानग्या, कर्ज, मलवाहिन्या यांतले काही वगळता आले नाही. ते सगळे त्यांनाच करावे लागले. कच्चा विभाग घेणाऱ्या डेटाबेसचेही तसेच होते. जागेचा हिशेब, वाढीची सोय, बॅकअप ही सगळी कामे त्याच्याकडे येतात. आणि एक धोका असा की बाहेरून पाहणाऱ्याला तो विभाग रिकामा दिसतो. रात्रपाळीच्या एखाद्या प्रशासकाने ‘ही मोकळी जागा दिसते’ म्हणून त्यावर नवी फाइल-प्रणाली बांधली की कंपनीचे लेजर गेले. कर्नलने त्याला अडवायचे काही कारण नव्हते. कर्नलला तिथे काय आहे हे माहीतच नव्हते.

म्हणून मधली वाट शोधली गेली. व्हेरिटास या साठवण-सॉफ्टवेअरच्या कंपनीचे मोठे विकास केंद्र पुण्यात होते. तिच्या फाइल-प्रणालीत ‘क्विक आयओ’ नावाची सोय होती: दिसायला फाइल, डेटाबेसला मात्र ती कच्च्या यंत्रासारखी भासते. प्रशासकाला फाइल दिसते, तिची नक्कल काढता येते, आणि डेटाबेसला साठ्याविना वाट मिळते. पुण्यातल्या पुष्कळ इंजिनियरांची कर्नलशी पहिली खरी झटापट अशा फाइल-प्रणालींच्या आणि व्हॉल्यूम मॅनेजरांच्या कोडमध्येच झाली. या शहरातल्या संगणकक्षेत्राच्या कौतुकात सेवा-कंपन्यांची नावे आधी येतात आणि या कामाची आठवण उशिरा येते, हे मला नेहमी खटकते.

लिनक्सवर ऑरॅकल चालवायचे तर रॉ हवेच, अशी मागणी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस जोरात होती. कर्नल-विकासक स्टीफन ट्वीडी यांनी ते लिहिले, आणि २००१ च्या जानेवारीत आलेल्या २.४ कर्नलमध्ये वेगळे ‘रॉ’ ड्रायव्हर मिळाले. प्रशासकाने एखादी डिस्क ‘रॉ१’ या नावाशी बांधायची आणि डेटाबेसने त्या नावाने उघडायची. त्याच वर्षी २.४.१० मध्ये दुसरी सोय आली: कोणतीही फाइल किंवा डिस्क उघडताना ‘ओ-डायरेक्ट’ असा झेंडा लावायचा, की त्या उघडलेल्या वाटेवर पेज कॅश मध्ये येत नाही. एवढ्यावर रॉ ड्रायव्हरची गरज संपायला हवी होती. कागदावर संपलीही. २.६.३ पासून त्याच्यावर ‘कालबाह्य’ असा शिक्का बसला आणि डिसेंबर २००५ मध्ये ते काढून टाकू, असे कर्नलच्या कागदपत्रांत छापले गेले. प्रत्यक्षात ते निघाले ५.१४ मध्ये, म्हणजे ऑगस्ट २०२१ मध्ये. मधली सोळा वर्षे ते जगले, कारण कुठल्या ना कुठल्या कंपनीत कुणीतरी ते वापरत होते आणि वापरणाऱ्याचे चालते काम मोडायचे नाही हा लिनक्सचा जुना दंडक. शेवटी-शेवटी ते ड्रायव्हर काय करत होते? मूळ ब्लॉक यंत्र ओ-डायरेक्टने उघडून देत होते, एवढेच. रेड हॅटची २०२२ मधली नववी आवृत्ती ५.१४ वरच बेतलेली. तिच्याकडे वळणाऱ्या ग्राहकांपैकी ज्यांच्या स्क्रिप्टमध्ये अजून ‘रॉ१’ होते, त्यांना नव्याने मांडणी करावी लागली. तोपर्यंत ऑरॅकलनेही २०१३ च्या १२सी आवृत्तीपासून कच्च्या यंत्रांचा थेट वापर सोडून दिला होता. स्वतःचा एएसएम हा थर त्यांनी त्याआधीच, १०जी पासून, मध्ये आणला होता. म्हणजे कर्नलचा थर नको म्हणणाऱ्यांनी आपला एक थर बांधला.

ओ-डायरेक्टवर लिनक्सचा कर्ता लिनस टॉरव्हाल्ड्स याचा राग प्रसिद्ध आहे. ही रचना करणाऱ्याच्या डोक्याबद्दल त्याने जे शब्द वापरले, ते लिनक्सच्या मॅन्युअल पानावर वर्षानुवर्षे छापलेले होते. इथे उद्धृत करण्यासारखे ते नाहीत. त्याचे म्हणणे असे, की प्रोग्रॅमने आपला हेतू सांगावा: हे पान पुन्हा लागणार नाही, ते मागाहून लागेल. साठ्याचे काय करायचे ते कर्नल पाहील. तत्त्व म्हणून ते देखणे आहे. पण व्यवहारात ओ-डायरेक्ट जिंकले, आणि माझ्या मते ते योग्यच झाले. ज्याच्यावर हिशेब चुकल्याचा दोष येणार आहे, त्याच्याच हाती चावी असणे बरे. मात्र त्याची किंमत मोजावी लागते. मेमरीचा पत्ता, फाइलमधली जागा आणि लांबी, तिन्ही सेक्टरच्या पटीत हवेत. ५१२ बाइटच्या सेक्टरवर चाललेला प्रोग्रॅम ४०९६ बाइटच्या सेक्टरच्या डिस्कवर नेला की ‘चुकीचा आर्ग्युमेंट’ एवढेच उत्तर येते, आणि दोष कुठे आहे ते सांगायला कुणी येत नाही.

उलट बाजूचे उदाहरण पोस्टग्रेएसक्यूएलचे. या डेटाबेसने कर्नलच्या साठ्यावर भरवसा ठेवला: आम्ही लिहू, वेळ आली की ‘एफसिंक’ म्हणू, मग सगळे डिस्कवर उतरलेले असेल. २०१८ मध्ये लक्षात आले की लिखाण फसले तर लिनक्स ती चूक एकदा सांगतो आणि ते पान ‘स्वच्छ’ म्हणून नोंदवतो. डेटाबेसने पुन्हा एफसिंक मागितले, तर दुसऱ्यांदा ‘सर्व ठीक’ असे उत्तर मिळे आणि डेटा मात्र डिस्कवर नसे. वीसेक वर्षे चाललेला हा गैरसमज उघड झाल्यावर बरीच धुसफूस झाली. कर्नलवाले म्हणाले, फसलेली पाने कायम मेमरीत ठेवली तर उपटलेल्या पेनड्राइव्हची पाने मेमरी भरून टाकतील. डेटाबेसवाले म्हणाले, हे आधी सांगायचे होते. शेवटी पोस्टग्रेएसक्यूएलने असे ठरवले की एफसिंक फसले की स्वतःच बंद पडायचे आणि नोंदवहीतून पुन्हा उभे राहायचे. या प्रसंगानंतर त्यांच्याकडे कच्च्या वाटेची चर्चा गंभीरपणे सुरू झाली. २०२५ मध्ये आलेल्या १८व्या आवृत्तीत असमकालिक वाचनाची नवी यंत्रणा आहे. तिच्याकडे पुढे येतो.

आता वसाहतीकडे. तिथे ‘रॉ’ म्हटले की डिस्कचा संबंध नसतो. तिथे ती सिरियल पोर्टची एक अवस्था असते. युनिक्सच्या दृष्टीने सिरियल पोर्ट म्हणजे टर्मिनल, आणि टर्मिनलच्या पलीकडे माणूस बसलेला आहे असे कर्नल गृहीत धरतो. म्हणून तो ओळ पूर्ण होईपर्यंत अक्षरे धरून ठेवतो, खोडलेले अक्षर खोडतो, कंट्रोल-सी आले की प्रोग्रॅमला थांबवतो, टाइप केलेले पुन्हा दाखवतो. माणसासाठी हे सोयीचे. पण पलीकडे वजनकाटा असला तर? काट्याने पाठवलेल्या आकड्यांच्या शेवटी ओळ-समाप्तीचे चिन्ह नसले तर वजन कर्नलच्या पोटातच अडकून राहते. आणि मूल्य १९ असलेला बाइट आला तर कर्नल त्याला ‘थांब’ समजतो, १७ आला तर ‘चालू दे’ समजतो. दोन्ही बाइट गिळले जातात, प्रोग्रॅमला दिसतच नाहीत. सीएनसी यंत्रांच्या दुनियेत हेच दोन संकेत प्रोग्रॅम थोडा-थोडा पाठवताना यंत्र स्वतः वापरते, त्यामुळे ते कुणी हाताळायचे हे आधी ठरवावे लागते. टर्मिनल रॉ अवस्थेत टाकले की कर्नल ही सगळी माणूसपणाची गृहीतके सोडतो आणि आलेले बाइट तसेच पुढे ढकलतो.

इथेही काम कुणाच्या तरी गळ्यात पडतेच. ओळ कुठे संपली हे आता प्रोग्रॅमने ठरवायचे. एका वाचनात अर्धे वजन येईल, दुसऱ्यात उरलेले अर्धे आणि पुढच्याचा पहिला आकडा. नवखे प्रोग्रॅमर याच ठिकाणी ठेचकाळतात: टेबलावर चाचणी घेताना काटा निवांत असतो आणि पूर्ण वजन एकदम येते, ट्रकांची रांग लागली की आकडे तुटून येऊ लागतात. किमान किती बाइट येईपर्यंत थांबायचे आणि किती दशांश सेकंद वाट पाहायची, हे सांगायच्या दोन किल्ल्या युनिक्सने दिलेल्या आहेत. त्या फार कमी लोक वापरतात. बहुतेक जण शंभर मिलिसेकंद झोप घालून काम भागवतात.

खालच्या थराचे गणितही पाहण्यासारखे आहे. ९६०० च्या वेगाला प्रत्येक अक्षरामागे दहा बिट धरले तर सेकंदाला ९६० अक्षरे. १,१५,२०० ला ११,५२०, म्हणजे दर ८७ मायक्रोसेकंदांना एक. जुन्या चिपमध्ये एकच बाइट ठेवायची जागा असे, त्यामुळे प्रत्येक अक्षराला एक इंटरप्ट. तो वेळेत हाताळला नाही तर पुढचे अक्षर आधीच्यावर लिहिले जाई. १६५५० या चिपने १६ बाइटची रांग दिली आणि श्वास घ्यायला फुरसत मिळाली. आताच्या लॅपटॉपला सिरियल पोर्टच नसतो, यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर लावतात. त्यांतल्या एफटीडीआय चिपमध्ये थोडा डेटा असेल तर तो मूळ मांडणीत १६ मिलिसेकंद साठवून मग पाठवला जातो. प्रश्न-उत्तर, प्रश्न-उत्तर अशा पद्धतीने बोलणारे यंत्र या १६ मिलिसेकंदांपायी रडतखडत चालते. प्रोग्रॅमर कर्नलला दोष देत बसतो, आणि विलंब असतो चार इंचांच्या वायरीत.

कीबोर्ड हा या विषयाचा सर्वांत घरगुती नमुना. लॅपटॉपच्या कीबोर्डवर के हे बटण दाबले की नियंत्रकाकडून कर्नलला ३७ हा आकडा मिळतो. सोडले की १६५, म्हणजे ३७ अधिक १२८. तेच बटण यूएसबी कीबोर्डवर असेल तर १४ येतो. कर्नलचा इनपुट थर दोघांचे एकच करतो: ‘३७ क्रमांकाची कळ’. इन्स्क्रिप्ट मांडणीत याच कळीवर ‘क’ आहे, पण ते कर्नलला माहीत नाही आणि माहीत असायची गरजही नाही. ३७ चा युनिकोडमधला २३२५ वा ‘क’ होतो तो वरच्या थरात, मांडणीच्या तक्त्यात, आणि अक्षराचा आकार येतो फॉन्टमधून. रेड हॅटच्या ‘लोहित’ फॉन्टमालिकेमुळे लिनक्सवर मराठी वाचणे कितीतरी सुसह्य झाले. डॉसच्या काळात ही विभागणीच नव्हती. डॉसमध्ये कर्नलचा पहारा नसल्याने प्रत्येक प्रोग्रॅम पडद्याच्या मेमरीत थेट लिही. मग भारतीय लिपी आणायची कुठे? आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेल्या आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेल्या जिस्ट प्रकल्पाने ती एका कार्डात आणली; संगणकात कार्ड खोचायचे आणि जुनेच अक्षरी प्रोग्रॅम देवनागरीत वापरायचे. सगळेच कच्च्या वाटेने जात होते, म्हणून दुरुस्ती हार्डवेअरमध्ये करावी लागली.

लिनक्सच्या कन्सोलवर कीबोर्डलाही रॉ अवस्था आहे. चित्रमय पडदा चालवणारा प्रोग्रॅम पूर्वी कीबोर्ड त्या अवस्थेत घेई आणि सगळ्या कळांचा अर्थ स्वतः लावी. तो प्रोग्रॅम मधेच कोसळला तर कीबोर्ड कच्चाच राही आणि पुढे कोणतीही कळ दाबा, कुणीच ऐकत नाही. त्यासाठी कर्नलने एक सुटकेची किल्ली ठेवली आहे: ऑल्ट आणि सिस-आरक्यू धरून आर दाबले, की कर्नल कीबोर्ड रॉमधून परत आपल्या ताब्यात घेतो. दिलेली मुभा परत घेण्याचा हक्क राखून ठेवणे, याचे इतके नेटके उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

हा हक्क अलीकडे कर्नलने जास्त कडकपणे वापरायला सुरुवात केली आहे. कळांचा कच्चा प्रवाह ज्याला वाचता येतो त्याला पासवर्डही वाचता येतो, म्हणून त्या फाइली सर्वसाधारण वापरकर्त्याला बंद असतात. संगणकाची आख्खी मेमरी फाइलसारखी उघडून देणारे ‘डेव्ह-मेम’ पूर्वी रूटला, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याला, मोकळे होते. आता बहुतेक वितरणांत त्यातून नेहमीची मेमरी वाचता येत नाही, आणि ५.४ मध्ये आलेल्या ‘लॉकडाउन’ सोयीने रूटलासुद्धा कर्नलपासून वेगळे केले. डिस्कच्या बाबतीत तर मला हा बदल फारच उशिरा आलेला वाटतो. फाइल-प्रणाली जोडलेली असताना त्याच डिस्कच्या सेक्टरवर कुणी परस्पर लिहिले तर कर्नलच्या डोक्यातला नकाशा आणि डिस्कवरचा नकाशा यांची फारकत होते. विंडोजने व्हिस्टापासून हे बंद केले. लिनक्समध्ये असे लिखाण अडवण्याचा पर्याय ६.८ मध्ये, २०२४ साली आला, आणि तोही पर्याय म्हणूनच. कारण फाइल-प्रणालीची काही जुनी अवजारे अजून त्याच वाटेने जातात.

दरम्यान यंत्रे बदलली. एनव्हीएमई प्रकारची एसएसडी काही डझन मायक्रोसेकंदांत उत्तर देते. डिस्क चार मिलिसेकंद घेत होती तेव्हा कर्नलच्या थरांत गेलेले दोन-तीन मायक्रोसेकंद कुणी मोजत नव्हते. आता ते मोजावे लागतात. यातून दोन वाटा फुटल्या. पहिली, कर्नलला संपूर्ण बाजूला सारण्याची. इंटेलने २०१५ मध्ये खुल्या केलेल्या एसपीडीकेमध्ये प्रोग्रॅम स्वतःच एसएसडीचा ड्रायव्हर होतो, इंटरप्टची वाट न पाहता सतत विचारत राहतो. वेग मिळतो, पण प्रोसेसरचा एक गाभा कायमचा त्यात खर्ची पडतो आणि ती एसएसडी दुसऱ्या कुणाला वापरता येत नाही. यातही कर्नल पूर्ण सुटत नाहीच. त्या यंत्राने डीएमए करून भलत्याच मेमरीत लिहू नये म्हणून आयओएमएमयूचे कुंपण लागते, आणि ते घालून देतो कर्नलचाच व्हीएफआयओ.

दुसरी वाट कर्नल-विकासक येन्स अ‍ॅक्सबोची. मे २०१९ च्या ५.१ मध्ये आलेल्या आयओ-यूरिंगमध्ये प्रोग्रॅम आणि कर्नल यांच्यात दोन वर्तुळाकार रांगा सामायिक मेमरीत असतात. एकीत प्रोग्रॅम विनंत्या ठेवतो, दुसरीतून निकाल उचलतो. प्रत्येक वेळी कर्नलचे दार ठोठावावे लागत नाही. पोस्टग्रेएसक्यूएलच्या १८व्या आवृत्तीत जे आले, त्यातला एक पर्याय हाच. पुढे याच रांगांतून एनव्हीएमईला थेट तिच्या भाषेतली आज्ञा पाठवण्याचीही सोय झाली, ब्लॉक थराला बाजूला ठेवून. मला ही वाट जास्त पटते, कारण तिच्यात पहारा शाबूत राहतो आणि फेऱ्या तेवढ्या कमी होतात. पण ती स्वस्त नाही. गूगलने २०२३ मध्ये जाहीर केले की कर्नलमधल्या त्रुटी शोधणाऱ्यांना बक्षीस देण्याच्या त्यांच्या उपक्रमात आलेल्या नोंदींपैकी ६० टक्के आयओ-यूरिंगमधल्या त्रुटींवर बेतलेल्या होत्या, आणि त्यांनी अँड्रॉइडच्या अ‍ॅप्सना ती बंद केली.

आणि एवढे करून जिथे पोचतो ती एसएसडी तरी कच्ची असते का? आपण ज्याला सेक्टर क्रमांक म्हणतो तो तिच्या आतल्या एका तक्त्यातला निव्वळ पत्ता असतो. फ्लॅश चिपवर जागच्या जागी पुन्हा लिहिता येत नाही. आधी मोठा तुकडा पुसावा लागतो. म्हणून एसएसडीतला छोटा प्रोसेसर प्रत्येक लिखाण नव्या जागी टाकतो, तक्ता बदलतो, जुनी जागा मागाहून साफ करतो, आणि ‘लिहिले’ असे सांगतो तेव्हा डेटा पुष्कळदा त्याच्या स्वतःच्या मेमरीत असतो. ओ-डायरेक्टने कर्नलचा साठा टळतो, हा टळत नाही. त्यासाठी वेगळी ‘फ्लश’ आज्ञा द्यावी लागते. ओ-डायरेक्ट लावले म्हणजे एफसिंकची गरज नाही असे समजणाऱ्यांचे नुकसान इथे होते.

हा आतला तक्तासुद्धा यजमान संगणकाकडे आणायचा प्रयोग झाला. ‘ओपन-चॅनल’ एसएसडी आणि त्यांच्यासाठी कर्नलमधली ‘लाइटएनव्हीएम’ ही यंत्रणा २०१६ च्या ४.४ मध्ये आली. झिजलेले तुकडे टाळणे, पुसणे, नव्या जागा देणे हे सारे यजमानाने करायचे. प्रत्येक उत्पादकाची चिप वेगळी, तिची झीज वेगळी. हे ओझे फारसे कुणी उचलले नाही. रॉ ड्रायव्हर ५.१४ मध्ये गेले आणि लगेच पुढच्या ५.१५ मध्ये लाइटएनव्हीएमही गेली. तिच्या जागी आता झोन पद्धतीच्या एसएसडी आहेत. त्यांची अट एकच: प्रत्येक झोनमध्ये ओळीने पुढे-पुढे लिहायचे, मागे यायचे तर आख्खा झोन रिकामा करायचा. बाकीचे एसएसडी बघते. एफ२एफएस आणि बीटीआरएफएस या फाइल-प्रणालींना ते जमते. ज्यांना फाइल-प्रणाली नको त्यांना कर्नल झोन थेट उघडून देतो, पण झोनमध्ये लिखाण कुठवर आले आहे याची नोंद पाहून क्रम सांभाळण्याची जबाबदारी मग त्यांची.